मागच्या चौघांना शिव्या देण्याआधी

ढाक्यातला भारत-बांगलादेश फुटबॉल सामना मंगळवारी, १८ नोव्हेंबर २०२५ ला, झाला आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. भारताचा डिफेन्स संपला, बचावपटू झिंगन म्हातारा झाला, गोलकीपर गुरप्रीतला घरी बसवा. ग्रुपवर मी चार ओळी लिहिल्या, त्या खालच्या भांडणात वाहून गेल्या. म्हणून इथं लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीनं वाचा.

त्या रात्री परभणीच्या मोंढ्यात, आमच्या आडतीवर दहा-बारा जण जमलो होतो. सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी भिंतीकडं सरकवली, मोबाइल टीव्हीला जोडला. यंदाच्या अतिवृष्टीनं सगळ्यांचंच मन उतरलेलं, निदान दोन तास बरे जातील असं वाटलं होतं. अकराव्या मिनिटाला रकीब हुसेन डावीकडून सुटला, आपला माणूस मागं राहिला, आत पास गेला आणि शेख मोरसालिननं पुढं आलेल्या गुरप्रीतला चकवून चेंडू जाळ्यात सारला. १-०. शेवटपर्यंत तेवढाच राहिला. बांगलादेशानं २२ वर्षांनी आपल्याला हरवलं.

दाजींनी बाराव्या मिनिटालाच निकाल देऊन टाकला. "हे मागचे काहून खेळवतेत? एकालाही पळता येईना." त्यांच्या मागून सगळे. प्रत्येकानं एकेक नाव धरलं आणि त्याला झोडपायला सुरुवात केली.

कोपऱ्यात खुर्ची टाकून मामू बसले होते. वय सत्तरीच्या पुढं, तरुणपणी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलेले. ते मॅच बघताना फारसं बोलत नाहीत. आपल्यावर हल्ला आला की फक्त एवढंच विचारतात, "बॉल छूटा कहाँ से?" गोल झाल्यावर रिप्ले आला, सगळे गुरप्रीतकडं बघत होते, मामू स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाकडं बघत होते. मला मामूंचाच प्रश्न पुढं न्यायचा आहे.

आधी हिशेब मांडतो, आडतीवर बसणाऱ्या माणसाला त्याशिवाय करमत नाही. २०२७ च्या आशियाई कपच्या या पात्रता फेरीत ढाक्यापर्यंत आपले पाच सामने झाले. शिलाँगला बांगलादेशाशी ०-०. हाँगकाँगमध्ये ०-१, तोही ९० मिनिटांनंतरच्या जादा वेळेतल्या पेनल्टीवर. सिंगापुरात १-१. मडगावला सिंगापूरशी १-२. आणि आता ढाका ०-१. पाच सामन्यांत खाल्लेले गोल पाच, मारलेले दोन. पुन्हा वाचा, मारलेले दोन! सामन्याला सरासरी एक गोल खाणारा डिफेन्स काही जगावेगळा नाही, पण पात्रता घालवणारासुद्धा नाही. पुढच्यांनी पाच सामन्यांत पाच-सहा गोल दिले असते, तर याच बचावाला आपण 'भक्कम' म्हटलं असतं.

त्याच्या आधीची वर्ल्डकप पात्रता फेरी काढा. कुवेत, कतार, अफगाणिस्तान, सहा सामने. मारलेले गोल तीन, त्यातला एक कप्तान सुनील छेत्रीची पेनल्टी. एका सामन्यात दोन गोल आपण एकदाही मारले नाहीत. अफगाणिस्तानविरुद्ध गुवाहाटीत १-० पुढं होतो, ७०व्या मिनिटाला बरोबरी झाली, ८८व्या मिनिटाला पेनल्टीवर हरलो. तेव्हाही शिव्या मागच्यांनाच पडल्या. दुसरा गोल का झाला नाही, हे विचारणारा माझ्या आठवणीत एकही नाही.

दाजी कबड्डीतले माणूस आहेत. गावच्या यात्रेत आयुष्यभर डावा कोपरा सांभाळलाय त्यांनी. म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं. दाजी, आपले तीन चढाईपटू गेले आणि तिघंही बाहेर बसले, तर अंगणात किती उरतात? मग समोरचा चढाईला आला तर कोपऱ्यानं एकट्यानं उडी मारायची का? साखळी कुणाशी लावायची? लोण चढला की गाव म्हणणार, कोपरा कच्चा आहे. दाजी गप्प झाले. कारण हे त्यांच्या अंगावरून गेलेलं आहे.

फुटबॉलात माणसं बाहेर बसत नाहीत, पण दम जातो, आणि दमाबरोबर नजर जाते. चेंडू आपल्या पायात दहा सेकंदसुद्धा टिकत नसेल तर स्टॉपरला दर मिनिटाला वळून पळावं लागतं. मी स्वतः कॉलेजला स्टॉपर होतो, तेव्हाचं सांगतो. काळ्या मातीचं मैदान, रात्री पाऊस पडून गेलेला, बुटाला किलोभर चिखल. क्लिअर केलेला चेंडू मिडफिल्डला कुणी धरायचा नाही, तो लगेच परत यायचा. पहिले वीस क्लिअरन्स माणूस बघून मारतो. चाळिसाव्यानंतर नुसता पाय फिरतो. त्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या पायातून चेंडू निसटला आणि गोल झाला. सरांनी सगळ्यांसमोर माझी बॅग मैदानाबाहेर फेकली. पुढच्या दोघांनी सबंध सामन्यात गोलवर एक फटका मारला नव्हता, त्यांच्या बॅगा जागेवरच होत्या. याला अठरा वर्षं झाली, तो चिखलाचा वास अजून जात नाही.

म्हणून बचावपटू अन्वर अलीचा तो सेल्फ गोल मला कुणी विनोद म्हणून पाठवला की सहन होत नाही.

ते नीट आठवा. २०२३ सालात आपण मार्चपासून म्यानमार, किर्गिझस्तान, मंगोलिया, वानुआतू, लेबनॉन दोनदा, पाकिस्तान, नेपाळ असे आठ सामने एकही गोल न खाता खेळलो होतो. आठ सामने, शून्य गोल! झिंगन आणि अन्वर अशी जोडी जमली होती की एक पुढं जाऊन अडवायचा आणि दुसरा न बघता मागची जागा भरायचा. मग २७ जूनला बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर कुवेत. १-० ने पुढं, जादा वेळ सुरू, क्रॉस आला, अन्वरनं काढायला पाय घातला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर गेला तेव्हा तो कुठंच बघत नव्हता.

हा तोच पोरगा आहे, ज्याला हृदयाचं दुखणं निघालं म्हणून खेळणं बंद करायला सांगितलं होतं आणि परत उतरण्यासाठी कोर्टापर्यंत जावं लागलं होतं. आठ सामन्यांतले त्याचे किती टॅकल आपल्या लक्षात आहेत? एकही नाही. सेल्फ गोल सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पुढं त्याच स्पर्धेत, लेबनॉनशी ०-० वरून पेनल्टीवर जिंकून, फायनलला पुन्हा कुवेतच आला आणि १-१ वरून पेनल्टीवर आपण कप घेतला. अन्वर त्या फायनललाही मागं उभा होता.

बचाव चांगला खेळला की काहीच घडत नाही. स्ट्रायकरनं पळावं अशी जागाच उरत नाही, मारायचा फटका मारलाच जात नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा व्हिडिओ निघत नाही. एकदाच असं झालं की न घडलेल्या गोष्टीवर आपण नाचलो. १० सप्टेंबर २०१९, दोहा. कतार त्या वर्षीचा आशियाई विजेता, त्याच्या घरी. छेत्री आजारी, खेळलाच नाही. पाचच दिवसांपूर्वी ओमाननं गुवाहाटीत ८२व्या आणि ९०व्या मिनिटाला गोल मारून आपल्या तोंडचा घास काढून नेला होता. त्या रात्री कतारनं फटक्यांमागून फटके मारले आणि ०-० राहिलं. कप्तान गुरप्रीत, समोर झिंगन आणि आदिल खान, उजवीकडं आपला मुंबईचा राहुल भेके. मी घरी आवाज बंद करून बघत होतो, शेवटच्या शिट्टीला उशी तोंडावर दाबून ओरडलो. पण त्याही सामन्याबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. त्या रात्रीसारखं रोज खेळता येत नसतं. असा सामना पाच वर्षांतून एकदा वाचतो, आपण मात्र दर महिन्याला त्याच चौघांकडून तेच मागतो.

आता चुका नाहीतच असं मी म्हणत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत आपण फार मागं सरकतो, पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी येऊन उभे राहतो, आणि समोरच्याला क्रॉस मारायला मोकळं रान देतो. हाँगकाँगला जादा वेळेत गोलकी नको तिथं बाहेर आला. सिंगापुरात झिंगननं हाफटाइमनंतर लगेच दुसरं पिवळं कार्ड घेतलं. एवढ्या अनुभवी माणसाकडून ते व्हायला नको होतं, याबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. त्यामुळं मडगावला तो नव्हता आणि तिथं आपण एक गोलची आघाडी घेऊनही हरलो. मात्र सिंगापुरात दहा जणांनी अर्धा सामना पुन्हा गोल न खाता काढला म्हणूनच ९०व्या मिनिटाला रहीम अलीला बरोबरी करता आली, हेही त्याच सामन्यात आहे.

आणि जोडी जमायला सामने लागतात हो. २०२५ चा नोव्हेंबर संपत आला तरी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झालेली नव्हती. कराराच्या घोळात लीगच अडकली होती. बैल आठवडाभर दावणीला बांधून ठेवला तर तोही पहिल्या दिवशी तास सरळ धरत नाही. बाकी क्लबांतून नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, परदेशी खेळाडू खेळतात, आपल्या पोरांना ती जागा मिळत नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. त्याचं फळ बघा, ४० वर्षांच्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं आणि त्यानं आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोलही मारला.

मॅच संपल्यावर मामूंनी एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी त्यांच्या वालिदांकडून ऐकलेली. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि हैदराबाद म्हणजे तेव्हा फुटबॉलचं माहेरघर. भारताचे प्रशिक्षक रहीमसाहेब तिथलेच. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये आपला स्टॉपर जर्नेलसिंग, त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. तरी रहीमसाहेबांनी त्याला पुढं स्ट्रायकरला खेळवलं. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ ने सोनं आलं, एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि एक या टाके पडलेल्या स्टॉपरचा. हे सांगताना मामूंनी स्वतःच्या कपाळावरून आडवं बोट फिरवलं.

मला लगेच यंदाचा ऑगस्ट आठवला. प्रशिक्षक म्हणून खालिद जमीलचा पहिलाच सामना, ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ ने हरवलं. गोल कुणाचे? अन्वर अली आणि संदेश झिंगन. दोन्ही स्टॉपर. शिवाय गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. पुढच्या सामन्यात इराणविरुद्ध झिंगनच्या गालाचं हाड मोडलं. गोल मारायचे यांनी, अडवायचे यांनी, हाडं मोडून घ्यायची यांनी, आणि हरलो की बाहेर काढायचं तेही यांनाच. ढाक्यात ३१व्या मिनिटाच्या सुमारास त्यांचा गोलकी जागेवर नसताना आपल्या छांगतेनं मारलेला फटका बांगलादेशाच्या हमझा चौधरीनं डोक्यानं बाहेर काढला. तिथल्या लोकांनी तो हेडर गोलइतकाच साजरा केला. मला त्या स्टेडियमचा हेवा वाटला.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याचं कारण घरातलं आहे. माझा भाचा नववीत आहे, शाळेच्या संघात स्टॉपर. आडतीवर त्या रात्री तोही होता, पोत्यावर बसून सगळ्यांचं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मामा, सरांना सांगून मी पुढं खेळू का? मागं चुकलं की सगळेच बोलतेत." सरासरीपेक्षा बरी उंची आहे त्याची, हेडर उत्तम आहे, आणि कधी पाय घालायचा नाही हे त्याला न शिकवता कळतं. असं पोरगं मागं उभं राहायला घाबरतंय.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी साडेसहाला त्याला मैदानावर घेऊन जातोय, मामूंनाही खुर्चीसकट नेणार आहे, दाजी येतो म्हणालेत. क्लिअर करताना चेंडू लांब फेकण्याऐवजी छातीवर घेऊन जवळच्याला कसा द्यायचा, तेवढंच घ्यायचंय सकाळभर. आजूबाजूच्या कुणाची पोरं येणार असतील तर पाठवा. बॉल आहेत, बूट ज्याचे त्यानं आणावेत.