वाडा यादीत आला म्हणून सरकारजमा होत नाही

‘वारसा यादीत नाव आलं की वाडा सरकारजमा, खिळाही ठोकता येत नाही, शंभर मीटरपर्यंत बांधकाम बंद’ असा मेसेज नागपूरच्या महाल भागात फिरतोय. तो चुकीचा आहे. मालकी मालकाचीच राहते.

शंभर मीटरची बंदी 1958 च्या केंद्रीय कायद्याची, राष्ट्रीय संरक्षित स्मारकांभोवतीची. शहराची यादी 1966 च्या नगररचना कायद्याखालच्या विकास नियंत्रण नियमांतून येते. या यादीत महत्त्वानुसार श्रेणी असतात. कस्तुरचंद पार्क मैदान पहिल्या श्रेणीत आहे, तिथे नियम कडक. तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक असते. पाडकाम किंवा मोठा फेरबदल करायचा तर अर्ज वारसा संवर्धन समितीपुढे जातो. असल्या अफवेपायी कोरीव सागवानी खांब भंगारात जातात, याचं फार वाईट वाटतं. वाडा विकण्याआधी महापालिकेत श्रेणी विचारून घ्या.