एरवी किती गेले असते?

२०२१च्या एप्रिलमध्ये माझी मोठी काकू घरातच गेली. घरात सगळेच तापाने पडलेले. तिने आधी सगळ्यांचं केलं, मग ती आडवी झाली. सात दिवस ताप आणि धाप, आणि आठव्या दिवशी पहाटे संपलं. चाचणी झाली नाही, डॉक्टर आला नाही. दुपारच्या आत तिला नेलं. मी इंग्लंडमध्ये होते, निघता आलं नाही. मोबाईलवर पाहिलं तेवढंच.

यानंतर चार वर्षांनी, २०२५च्या मे महिन्यात, भारत सरकारचा २०२१ सालचा नागरी नोंदणीचा, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या नोंदींचा, अहवाल आला. मी तो वाचून मोठ्या भावाला फोन केला. दादा म्हणाला, "आता पुन्हा कशाला ते उकरून काढायचं? गेलेली माणसं परत येणार आहेत का?" दादाला दुखावायचं नव्हतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. उत्तर आज लिहिते आहे.

माझं कामच मृत्यूंच्या आकड्यांचं आहे. इथल्या एका स्थानिक प्रशासनाच्या आरोग्य विभागात मी दर आठवड्याला एकच प्रश्न सोडवते: या आठवड्यात किती माणसं गेली आणि एरवी किती गेली असती? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे अतिरिक्त मृत्यू. ही मोजणी मला फार प्रामाणिक वाटते. तिला चाचणीचा निकाल लागत नाही, डॉक्टरने कागदावर काय कारण लिहिलं याचीही ती फिकीर करत नाही. माणूस गेला आणि त्याची नोंद झाली, एवढंच तिला पुरतं.

२०२०च्या १७ एप्रिलला संपलेला आठवडा इथे कुणी विसरलेलं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या आठवड्यात २२,३५१ मृत्यू नोंदले गेले. आधीच्या पाच वर्षांची त्या आठवड्याची सरासरी १०,४९७ होती. म्हणजे जवळपास १२ हजार जास्त. त्यातल्या ८,७५८ जणांच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख होता. उरलेले तीन हजार कोण? इथलं भांडण या तीन हजारांवर झालं. वृद्धाश्रमातली, चाचणी न झालेली माणसं का? छातीत दुखत असूनही दवाखान्याची भीती वाटून घरी थांबलेली का? संख्या खरी की खोटी, यावर फारसा वेळ गेला नाही, कारण ती दर मंगळवारी सगळ्यांसमोर येत होती.

आपल्याकडे उलटं झालं. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाले. त्याच दोन वर्षांचे अधिकृत कोविड मृत्यू ४ लाख ८१ हजार होते. हा अंदाज ज्या गणिती प्रारूपावर (मॉडेलवर) उभा होता, त्यावर सरकारने आक्षेप घेतला: एवढ्या मोठ्या आणि विविध देशाला एकाच साच्यात बसवता येत नाही. आक्षेप निव्वळ टाकाऊ नव्हता. पण वाद तिथून पुढे गेलाच नाही. आकडा मानणारा देशद्रोही आणि न मानणारा आंधळा, अशा दोन रांगा लागल्या, आणि माझ्या स्वतःच्या नातेवाइकांच्या गटातही माणसं त्या रांगांत उभी राहिली. ज्यांच्या घरात माणूस गेला होता तीसुद्धा.

मग सरकारचाच अहवाल आला. २०१९मध्ये देशात ७६ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२०मध्ये ८१ लाख, आणि २०२१मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी. हे सगळे कोविडचे, असं मी म्हणणार नाही. लोकसंख्या वाढते, नोंदणीचं प्रमाणही वाढत जातं, आणि त्या वर्षी वारसाच्या कागदांसाठी एरवी न होणाऱ्या नोंदीही झाल्या असतील. पण त्याच वर्षी कोविडचे म्हणून मोजलेले मृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास होते. मधली दरी नोंदणीच्या सुधारणेने भरून निघते, असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आणि हे तर कुठल्याही परदेशी प्रारूपाविना, आपल्याच ग्रामसेवकांनी आणि नगरपालिकांच्या कारकुनांनी लिहिलेले आकडे आहेत.

"एरवी" हा शब्दसुद्धा साधा नाही, हे मला इथे शिकावं लागलं. फेब्रुवारी २०२४मध्ये इथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मोजणीची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीने २०२३मध्ये ब्रिटनमध्ये ३१,४४२ अतिरिक्त मृत्यू दिसत होते, नव्या पद्धतीने १०,९९४ उरले. लपवाछपवी झाली, अशी ओरड इथेही झाली. मी ती पद्धत बारकाईने वाचली आणि मला ती पटली. लोकसंख्या वाढत आणि म्हातारी होत असेल, तर पाच वर्षांची सरळ सरासरी "एरवी"चा आकडा कमी दाखवते आणि अतिरिक्त मृत्यू फुगतात. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी छापले गेले, कारणासकट. ज्याला पटत नाही त्याने गणित मांडून दाखवावं. आपल्याकडे मला एवढंच हवं आहे.

किती गेले यापेक्षा कोण गेले, हा प्रश्न मला जास्त छळतो. जून २०२०मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या इथल्या तेव्हाच्या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की वय, लिंग, वस्तीची गरिबी हे सगळं जमेस धरूनही कोविड झालेल्या बांगलादेशी वंशाच्या लोकांना गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट मृत्यूचा धोका होता. भारतीय वंशाच्या लोकांना १० ते ५० टक्के जास्त. लगेच रक्ताबद्दल आणि ड जीवनसत्त्वाबद्दल बोललं जाऊ लागलं. पण महामारीआधीची आकडेवारी पाहिली तर इथले आशियाई वंशाचे लोक गोऱ्यांपेक्षा जास्त जगत होते. रक्तच कमजोर असतं तर असं झालं नसतं. नंतरच्या विश्लेषणांत पुन्हा पुन्हा पुढे आल्या त्या साध्या गोष्टी: कोण बस चालवतं, कोण रुग्णालयात आणि वृद्धाश्रमात रात्रपाळी करतं, कोण तीन पिढ्यांसह लहान घरात राहतं. मृत्यू कुठल्या दारात आधी येतो, हे बऱ्याचदा त्या घरातल्या माणसाच्या नोकरीवरून ठरतं.

आता हाच प्रश्न भारताला विचारून पाहू. जुलै २०२४मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या विज्ञानपत्रिकेत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. २०१९ ते २०२० या एका वर्षात भारतातलं आयुर्मान २.६ वर्षांनी घटलं, असं त्याचं म्हणणं. पुरुषांचं २.१ वर्षांनी, बायकांचं ३.१ वर्षांनी. जगात जवळपास सगळीकडे पुरुष जास्त गेले असताना आपल्याकडे बायका. आणि सवर्ण हिंदूंचं आयुर्मान १.३ वर्षांनी, अनुसूचित जातींचं २.७, आदिवासींचं ४.१, मुसलमानांचं ५.४ वर्षांनी घटलं. सरकारने हाही अभ्यास फेटाळला: चौदाच राज्यांतल्या घरांवरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि नोंदणीत तर पुरुषांचेच मृत्यू जास्त दिसतात.

पहिला मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. दुसरा मला मान्य नाही, आणि इथे माझ्यातली आकडेवाली आणि माझ्यातली पुतणी एकाच बाजूला उभ्या आहेत. बाईचा मृत्यू आपल्याकडे मुळातच कमी नोंदला जातो. सातबारा तिच्या नावावर नसतो, बँकेत खातं असलं तर त्यात शिल्लक नसते, विमा नसतो. दाखल्याची गरज कुणाला पडणार? आजार अंगावर काढायची सवय तिला लहानपणापासून लावलेली असते. उपचार शेवटी मिळतो तो तिला, आणि नोंदही शेवटी होते ती तिचीच. ज्या वहीत ती नाही, ती वही दाखवून ती गेली नाही असं कसं म्हणता येईल?

मोजल्याने काय होतं, याचं उत्तर शोधायला मला इंग्लंडला यावं लागलं नाही. मे २०१०मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले, नुसते उष्माघाताचे नाही. एरवी ३,११८ अपेक्षित होते, झाले ४,४६२. या १,३४४ माणसांच्या कागदांवर हृदयविकार असेल, मूत्रपिंड असेल, म्हातारपण असेल. ऊन कुणी लिहिलं नव्हतं. पण तो फरक समोर आला आणि २०१३मध्ये अहमदाबादेने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. पुढे इतर शहरांनी तो उचलला. इंग्लंडमध्येही ऊन असंच मोजलं जातं: २०२२च्या उन्हाळ्यात पारा पहिल्यांदा चाळीस अंशांच्या वर गेला, आणि त्या मोसमातल्या उष्ण दिवसांत ६५ वर्षांवरचे २,८०३ जण एरवीपेक्षा जास्त दगावले.

कोविडची लस घेतल्याने तरुण माणसं अचानक जातात, हा संदेश मला दोन्ही देशांतून येत राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत माणसांशी केली. लसीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. कोविडसाठी रुग्णालयात राहिलेले, घरात असा मृत्यू आधी झालेला, अती मद्यपान, शरीराला न झेपणारा व्यायाम, यांनी वाढलेला आढळला. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

पण इथली वही चोख आहे म्हणून इथली माणसं वाचतात, असं समजू नका. इंग्लंडच्या सर्वांत गरीब वस्त्यांतला पुरुष सर्वांत श्रीमंत वस्त्यांतल्या पुरुषापेक्षा ९.७ वर्षं कमी जगतो, हा २०१८ ते २०२०चा हिशेब. ही दरी मी इथे आल्यापासून बघते आहे. तक्ता दरवर्षी नीट छापला जातो आणि दरी तिथेच राहते. मोजणी हे काम नव्हे, कामाची सुरुवात आहे. तरी ती नसेल तर कुणाकडे काय मागायचं, हेच कळत नाही.

हे सगळं मी दादाला पाठवलं. तो आठ दिवस काही बोलला नाही. मग एक दिवस ग्रामपंचायतीत जाऊन २०१९, २०२० आणि २०२१च्या नोंदी बघून आला. त्याने फोनवर आकडे सांगितले नाहीत. म्हणाला, "काकूचं नाव नाही गं त्यात."

नोंद कुणी केलीच नव्हती. चाचणी नसल्याने कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीचाही प्रश्न आला नाही, आणि बाकी कुठे दाखला लागला नाही. त्या एक कोटी दोन लाखांत माझी काकू नाही.

एका वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, सोबत प्रतिज्ञापत्र. दादाने सगळे कागद गोळा केले आहेत. परवा त्याने विचारलं, "कारण काय लिहू?"

मी म्हटलं, दादा, जे झालं तेच लिही. ताप आणि धाप, सात दिवस. डॉक्टर नाही, चाचणी नाही.