हो चश्म्यावालो म्हातारो कोण?

पुण्याहून मामेभाऊ आला की त्याला 'खरा गोवा' दाखवावा लागतो. फोंड्यात आम्ही राहतो तो बहुतेक डुप्लिकेट. तर परवा रविवारी सासष्टीतल्या एका 'जुन्या काळच्या गावात' गेलो, मातीची घरं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, जुने पोशाख घालून फिरणारी पोरं. माणशी तिकीट, कॅमेऱ्याला वेगळं, गाडीचं निघताना. दारावर पाटी : साल 1930.

आत शिरल्या शिरल्या पुतणीला भूक लागली. समोरच पोदेर, म्हणजे पाववाला. पायघोळ कबाय, डोक्यावर पावाची टोपली, हातात बांबूची काठी. पूर्वी ही काठी आपटली की तिच्या चकत्या खुळखुळायच्या आणि वाड्याला कळायचं, पाव आले. ह्याच्या काठीच्या चकत्या गळून गेल्या होत्या, म्हणून तो काठी आपटून तोंडानेच "छन् छन्" म्हणत होता. अगदी मनापासून.

चार उंडे (गोल पाव) मागितले आणि पाचशेची नोट पुढे केली. त्याने ती उन्हात धरली, उलटी केली, वास घेतला.

"हो कागद कसलो, पात्रांव (मालक)? आनी हो चश्म्यावालो म्हातारो कोण?"

"अरे गांधीजी!"

"वळखना हांव."

आता पाटीवर 1930 लिहिलंय ना, त्याच वर्षी त्या म्हाताऱ्याने दांडीला मीठ उचललं, जगभर गाजलं आणि सासष्टीच्या पोदेराला पत्ता नाही? तसं म्हटलं तर म्हणतो, "हांव पेपर वाचिना." उत्तर चोख होतं, त्याचाच जास्त राग आला. वर म्हणे काउंटरवरून एश्कुद आणा, म्हणजे पोर्तुगीजांचं चलन.

एश्कुद! एश्कुद गोव्यात आले 1959 साली. 1930 ला इथे रुपिया चालायचा, सोळा टांगा-नाण्यांचा एक. हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं असावं कारण दोन फॅमिल्या थांबून बघायला लागल्या, त्यांना वाटलं मीपण शोमधलाच. बायको म्हणाली, "अहो, पोरगी रडतेय." भाऊ व्हिडिओ काढत होता. पोदेर : छन् छन्.

काउंटरवर दोनशे रुपयांचे वीस एश्कुद मिळाले, जीपेने. म्हणजे 1930 साली जीपे चालतो, गांधीजी चालत नाहीत. बरं, खरा भाव एका रुपियाला सहा एश्कुद होता, त्या हिशेबाने बाराशे यायला हवे होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, रिफंड नाही."

एक उंडा चार एश्कुदांना, म्हणजे चाळीस रुपये! आणि वातड. आमच्या दारात भोंगा वाजवत सायकलवरून येतो तो पोदेर मला पात्रांव वगैरे म्हणत नाही, "सुटे द्या" म्हणतो, पण उंडा गरम असतो.

पुढे एका स्वयंपाकघरात रगडा, भोवती दोरी, 'हात लावू नये'. असलाच रगडा आमच्या परसात पडलाय, आईने त्यात क्रोटन लावलंय. वीस वर्षं त्यावर नारळ वाटून तिचा उजवा खांदा गेला तो गेलाच. इथे लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते, "किती छान होतं ना पूर्वी!" कोणासाठी छान होतं हो? वाटणारीला विचारलं का कधी कोणी?

असो. निघताना गाडीचे वीस रुपये मागितले, तर मी उरलेले चार एश्कुद पुढे केले. पार्किंगवाला म्हणाला, "हे नाका, रुपये दी." विसाची नोट दिली, चश्मेवाला त्याने एका झटक्यात ओळखला.