टिळकवाडीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. वयानं मोठे आहात म्हणून काका म्हणतो. निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बाईवरच्या मित्राच्या कादंबरीवर मी लेख लिहून हार चढवले, कादंबरीच्या मराठीत कन्नडची खिचडी आहे आणि निपाणीवर एवढी पानं लिहून सीमालढ्याला एकच ओळ दिली, हे तुमचे आक्षेप.

पहिल्याचं खरं सांगू? तो लेख मत्सरापोटी लिहिलाय. बिडी वळणाऱ्या बायांवर लिहायचं माझ्याही डोक्यात बारा वर्षं होतं. दोन वह्या भरल्या. पण माझी प्रत्येक बाई चौथ्या पानावर मोर्च्यात जायची आणि तिथं माझंच भाषण ठोकायची. ह्या गड्यानं बाईला मांडीवर सूप देऊन उंबऱ्यात बसवलं आणि पाऊणशे पानं उठू दिलं नाही. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. वखारीत तपासणारा त्यातल्या मूठभर 'छाट' म्हणून बाजूला सारतो. त्यांचे पैसे नाहीत, बिड्याही परत नाहीत. त्या मुठीकडं बघत ती मनात चहापूड आणि पोरीची वही मांडते, मग चहापूड खोडते. तिथं मी पुस्तक मिटलं आणि माझ्या वह्या माळ्यावर टाकल्या.

भाषेचं म्हणाल, तर अक्का आणि अण्णा आपल्या घरात कन्नडातूनच आलेत, त्यांना कुणी हाकललं नाही. ही बाई बिड्या मराठीत मोजते आणि तपासणाऱ्याला शिव्या कन्नडात घालते, कारण तो मराठी आहे, त्याला कळायला नकोत. (बेळगावात वाढलेल्या माणसाला ह्यावर हसू आलं नाही, ह्याचं मात्र मला नवल वाटलं.)

राहिली ती एक ओळ. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे मी विसरलेलो नाही. दरवर्षी बेळगावच्या हुतात्मा चौकात आपण दोघंही असतो. पण १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी आपण काळा दिन पाळतो तेव्हा, तिच्या वखारीला कुलूप असतं आणि वळलेल्या बिड्या घरात पडून राहतात. लेखकानं एवढंच लिहिलं आणि पुढं गेला. आपला सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिचा रोज संध्याकाळी वखारीतच निकाली निघतो. मी असतो तर त्या कुलपावर दहा पानं खर्ची घातली असती, आणि वाया घालवली असती.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर. पुण्याला गेलेल्या मुलाचं प्रकरण पसरट झालंय, त्याची मैत्रीण तर नुसती चहा प्यायला येते. हे मी लेखात लिहायला हवं होतं. कौतुकाच्या भरात राहून गेलं.

वाचनालयाची प्रत तुमच्याकडंच आहे म्हणता, तर परत करण्याआधी छाटाचं प्रकरण पुन्हा एकदा वाचा. आणि परत केलीत की कळवा. माझी प्रत कुणीतरी नेलीय आणि आमच्या आईनं तिथं नंबर लावून ठेवलाय.