रंगरंगोटीआधी हिशोब बघा

जुना फ्लॅट घ्या, चकाचक करा, सहा महिन्यांत विका, असा सल्ला घर विकून नफा कमवण्यावरच्या एका लेखात वाचला. पण मुद्रांक शुल्क धरलंय कुठे? पुण्यात पुरुषाच्या नावावर 7 टक्के, वर नोंदणीचे 30 हजारांपर्यंत. 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर स्लॅबप्रमाणे, म्हणजे तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याला लागू असलेल्या दराने, आयकर.

आणि काम नीट करा हो! आमच्या इमारतीत एकाने ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी मारून फ्लॅट विकला. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले, खालच्यांच्या छतातून पाणी टपकायला लागलं. नव्या कुटुंबाने कर्ज काढून घर घेतलं होतं, फार वाईट वाटलं. आधी बाथरूमच्या टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग, मग मॉड्युलर किचन. घेणाऱ्यांनी घर पावसाळ्यात बघावं, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छतही.