जाड टायर टाकला तर टीसीला फरक पडत नाही? पडतो की!

पाऊस तोंडावर आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो, यंदा आमच्या भांडुपच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तिघांनी टाकला. म्हणे यामाहाच्या आर१५ व्ही४ बाइकला मागे १४०/७० साइजच्या टायरच्या जागी १५०/६० बसवा, रिम तीच १७ ची आहे त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोलला (टीसी, म्हणजे मागचं चाक घसरलं की इंजिनचा जोर कमी करणारी सिस्टिम) काही फरक पडत नाही, जाड टायरने पावसात ग्रिप वाढते, आणि मीटरवर टीसीचा लाइट लागलाच तर चावी बंद-चालू करा, गाडी नवीन टायर शिकून घेते. चार वाक्यं, चारही गंडलेली.

आधी ते रिमचं. अरे टीसीला ना रिम दिसते ना टायर, त्याला दिसते दोन्ही चाकांवरची दातेरी रिंग. सेन्सर दाते मोजतो, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पुढचं चाक किती फिरलं आणि मागचं किती ते ताडून बघतो, आणि मागचं हिशोबापेक्षा जास्त फिरलं की समजतो चाक घसरलं, लगेच इग्निशन आणि फ्युएल कमी करतो. तो हिशोब कंपनीच्या टायरच्या घेरावर बसवलेला असतो. आता १४०/७० म्हणजे रुंदी १४० एमएम आणि साइडवॉल, म्हणजे रिमच्या वरची टायरची उंची, त्याच्या ७० टक्के, ९८ एमएम. १५०/६० म्हणजे ९०. म्हणजे टायर जाड झाला पण उंचीला बसका झाला! घेर कागदावर १९७२ एमएमचा १९२२ होतो, अडीच टक्के कमी. मागचं चाक सरळ कोरड्या रस्त्यावरसुद्धा कायम अडीच टक्के जास्त फिरणार आणि ईसीयूला वाटणार हा थोडा घसरतोच आहे.

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी हेच केलं होतं. जूनमध्ये एलबीएस रोडवर सिग्नल सुटला की गाडी मिसिंग करायची, झटके खायची, मेकॅनिकने प्लग बदलला, इंजेक्टर साफ केला, पैसे घेतले, मिसिंग तसंच. मी मागे बसलो होतो तेव्हा म्हटलं मीटर बघ ना, तर पिकअप मेला की प्रत्येक वेळी टीसीचा लाइट लुकलुकत होता. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो गाडीवर बसला, मी व्हॉल्व्हच्या खाली खडूने रेघ मारली, चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत गाडी ढकलली, परत रेघ. इंची टेपने १८८ सेंटिमीटर. शेजारच्या स्टॉक, म्हणजे कंपनीच्याच टायरवाल्या आर१५ ला तेच केलं तर १९३ (वजनाने टायर दबतो म्हणून दोन्ही कागदापेक्षा कमी). वॉचमनकाका विचारत होते लग्नाची रांगोळी आहे का.

आणि एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचं, उलटं होतं, हे फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातही नसेल. ब्रेक मारल्यावर मागचं चाक पुढच्यापेक्षा मंद झालं की एबीएस समजतो लॉक होतंय. इथे ते मुळातच जास्त फिरतंय म्हटल्यावर एबीएस जरा उशिरा जागा होणार. एक सिस्टिम किरकिरी, दुसरी आळशी. कोणी १५०/७० टाकला तर घेर सव्वादोन टक्के वाढतो आणि सगळं पालटतं, टीसी उशिरा आणि एबीएस लवकर. त्यात जास्त धोका, कारण गाडी मक्खन चालते, काही कळतच नाही.

पावसातल्या ग्रिपचं म्हणाल तर वजन तेच, हवा तेवढीच, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग साधारण तेवढाच राहतो, फक्त आडवा पसरतो, उलट पाण्याला बाजूला पळायला लांब पडतं. शिवाय जाड टायर अरुंद रिमवर दाबला जाऊन मधे टोकदार होतो तो भाग वेगळाच. आणि मुंबईत आपण पडतो कशावर, तर झेब्र्याचे पांढरे पट्टे, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, गुळगुळीत पेव्हर ब्लॉक. तिथे रुंदी नाही, रबर कुठलं आहे आणि नक्षी किती उरलीय ते कामाला येतं.

चावी बंद-चालू करून शिकण्याचं तर सोडाच. चावी फिरवल्यावर होतो तो सेल्फ चेक, सिग्नल येतोय की नाही एवढंच बघतो. अ‍ॅप्रिलियाच्या आरएसव्ही४ सारख्या महाग गाड्यांत टायर बदलल्यावर कॅलिब्रेशन करता येतं, पण तीही एक ठरलेली प्रोसिजर आहे, सरळ रस्त्यावर स्थिर स्पीडने गाडी चालवावी लागते. आर१५ मध्ये ती भानगडच नाही.

आता दुसऱ्या टोकाचे पण आहेत, म्हणतात साइज जरा बदलली की टीसी मेलंच. तसंही नाही हां. टायर पाच एमएम झिजला तरी घेर दीड टक्क्याच्या आसपास कमी होतो, तेवढी सूट कंपनीला ठेवावीच लागते. पुढचा-मागचा दोन्ही सारख्या प्रमाणात बदलले तर टीसीला पत्ताही लागत नाही. भानगड दोघांचं प्रमाण बिघडलं की होते, आणि अडीच टक्के बिघडवून वर टायर झिजायचाच आहे. मावसभावाने १४०/७० परत टाकला, मिसिंग त्याच दिवशी गेलं. इंजेक्टरचे पैसे मात्र मेकॅनिकने परत दिले नाहीत.