‘मीटर ठीक तर मशीन ठीक’? आरओच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

‘आरओवाल्यांची लूट थांबवा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचा सारांश असा: टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) दाखवणारा मीटर घ्या, आकडा १०० च्या आत असेल तोवर पाणी शुद्ध समजा आणि एकही फिल्टर बदलू नका. आकडा ५० च्या खाली गेला तर ते ‘मृत पाणी’, त्याने हाडं पोकळ होतात, म्हणून अ‍ॅडजस्टर (मशीनमधला टीडीएस कमीजास्त करायचा स्क्रू) फिरवून १५० वर आणा. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी क्लिप लावून आवळा. मशीन बसवायला कुणी लागत नाही, दोन नळ्या जोडल्या की झालं. आणि आरओचं पाणी टाकीत कितीही दिवस टिकतं. शेवटी अर्थातच ‘किमान दहा जणांना पाठवा’.

मेसेजमागचा राग खोटा नाही. दर भेटीत अख्खा संच बदलायला लावणारे सर्व्हिसवाले असतात. दोन दांड्या पाण्यात सोडून वीज लावायची आणि नळाचं पाणी तपकिरी-हिरवट झालेलं दाखवून घाबरवायचं, हा विक्रीचा खेळही जुनाच आहे. त्या पाण्यात दिसणारा गाळ पाण्यातला नसतो. दांडीचं लोखंड विरघळून त्याचा गंज झालेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि दांडी तशीच राहते. म्हणजे विक्रेता वीजवाहकतेलाच घाण म्हणून खपवतो. गंमत अशी की त्याच्यावर चिडून लिहिलेला हा मेसेजही नेमकं तेच करतो, फक्त दांड्यांऐवजी मीटर घेऊन.

‘१०० च्या आत म्हणजे शुद्ध’

टीडीएस मीटर पाण्यातली घाण मोजत नाही. त्याच्या दोन टोकांमधून पाण्यात किती वीज वाहते ते तो मोजतो, त्याला साधारण ०.५ ते ०.७ च्या ठरावीक गुणकाने गुणतो आणि विरघळलेल्या क्षारांचा अंदाज आकड्यात दाखवतो. जिवाणू, विषाणू, कीटकनाशकं यांचा त्याला पत्ताच लागत नाही. तापमापक लावून हाड मोडलंय का ते ठरवण्यातला हा प्रकार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकसाठी दिलेलं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. शिशाचंही तेवढंच. घरगुती मीटरची सर्वांत लहान पायरी असते लिटरला १ मिलिग्रॅम. पाण्यात मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक असलं तरी मीटरचा शेवटचा अंकसुद्धा हलणार नाही. उलट, ५०० टीडीएसचं पाणी अगदी निर्धोक असू शकतं. त्याच संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा घातलेली नाही. ६०० च्या आत चव चांगली, १००० च्या वर पाणी पिववत नाही, एवढंच ती सांगते.

मग मीटर फेकून द्यायचा? मुळीच नाही. मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आरओचा मुख्य पडदा, काम करतेय की नाही हे सांगायला त्याच्यासारखं स्वस्त साधन नाही. फक्त एक आकडा बघून चालत नाही, दोन लागतात: आत जाणाऱ्या पाण्याचा आणि मेम्ब्रेनमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा. आत ६०० आणि बाहेर ३० असेल, तर मेम्ब्रेन ९५ टक्के क्षार अडवतेय, उत्तम. आत १०० आणि बाहेर तेच ३० असेल, तर ती फक्त ७० टक्के अडवतेय आणि तिचे दिवस भरलेत. मेसेजच्या हिशोबाने दोन्ही घरं पास.

मोजतानाही थोडी काळजी घ्यावी लागते. मशीन रात्रभर बंद राहिलं की क्षार हळूहळू मेम्ब्रेनपलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरुवातीच्या पाण्याचा आकडा चढा येतो. पाच-दहा मिनिटं मशीन चालू द्यावं आणि मग मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीतूनच नमुना घ्यावा. टाकीच्या नळाला मोजलंत तर अ‍ॅडजस्टरने मिसळलेलं पाणी मोजाल, मेम्ब्रेनचं नाही.

‘मीटर वाढेपर्यंत फिल्टर बदलू नका’

मेसेजमधला सर्वांत महागात पडणारा सल्ला हाच. मेम्ब्रेनच्या आधीचे सेडिमेंट आणि कार्बन हे फिल्टर टीडीएस कमी करतच नाहीत. सेडिमेंट माती, गंज, वाळूचे कण धरतो, कार्बन क्लोरीन आणि वास शोषतो. दोघेही अगदी नवे असोत की पार संपलेले असोत, मीटरचा आकडा तोच राहतो. मीटरकडे बघून त्यांची वेळ ठरवायची म्हटलं तर ती कधीच येणार नाही.

कार्बन संपला की क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर जातं. १९६० च्या सुमारास लोब आणि सौरीराजन यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिली व्यवहारात वापरता येईल अशी मेम्ब्रेन तयार केली, ती सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती आणि थोडंफार क्लोरीन सोसायची. १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांच्या कामातून पॉलिअमाइडच्या पातळ थराची मेम्ब्रेन आली. ती कमी दाबावर जास्त पाणी देते, क्षारही जास्त अडवते, पण क्लोरीन तिला अजिबात सोसत नाही. आज घरोघरी हीच असते. क्लोरीनने झालेली इजा धुऊन भरून निघत नाही. मीटरचा आकडा वाढतो तो ही इजा झाल्यानंतर. म्हणजे मशीनमधला बहुधा सर्वांत महाग भाग गेल्यावर तुम्हाला कळणार की त्याच्या आधीचा स्वस्त भाग बदलायला हवा होता.

सेडिमेंट पारदर्शक हाउसिंगमध्ये (फिल्टरच्या डब्यात) असेल तर तो भरलाय हे डोळ्यांनी कळतं, नसेल तर धार बारीक होण्यावरून. कार्बन मात्र डोळ्यांना दिसत नाही. सार्वजनिक पुरवठ्याचं क्लोरीनयुक्त पाणी असेल तर कार्बननंतरच्या पाण्यात क्लोरीन तपासायची पट्टी बुडवून बघा, रंग आला की कार्बन संपला. हे करायचं नसेल तर उत्पादकाने दिलेले लिटर किंवा महिने पाळा. साधारण सहा महिने ते वर्ष. मेम्ब्रेनच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे: ती कॅलेंडर बघून बदलायची वस्तू नाही. दोन-तीन वर्षं सहज चालते, आणि वर सांगितलेली टक्केवारी टिकून असेल तर त्याहूनही जास्त.

‘५० च्या खाली मृत पाणी, १५० वर आणा’

खनिजांचा साधा हिशोब करू. लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं दोन लिटर पाणी प्यायलं तर ८० मिलिग्रॅम मिळतं. प्रौढ माणसाची रोजची गरज १००० च्या आसपास. ते मुख्यत्वे जेवणातून येतं, पाण्यातून नाही. आरओचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं हेही खरं, पण पोटातलं आम्ल त्याच्या कितीतरी पट तीव्र असतं. त्याचा त्रास झालाच तर तांब्या-पितळेच्या जोडणीला होईल, म्हणून शुद्ध पाण्याच्या बाजूला त्या धातूंचे भाग लावू नयेत.

भीती हाडांची घालायची आणि उपाय सांगायचा अ‍ॅडजस्टर, हे जास्त गंभीर. अ‍ॅडजस्टर पाण्यात खनिजं ‘घालत’ नाही. मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं पाणी तो शुद्ध पाण्यात मिसळतो. वाटेत यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) किंवा यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) असेल तर जंतूंचा बंदोबस्त होईल, पण विरघळलेलं काहीही त्यांना अडत नाही. समजा मूळ पाण्याचा टीडीएस ३०० आहे, फ्लोराइड लिटरला ४ मिलिग्रॅम आहे आणि त्यासाठीच तुम्ही आरओ घेतलाय. मेम्ब्रेननंतर टीडीएस १५ आणि फ्लोराइड ०.४ च्या आसपास. आता आकडा १५० वर न्यायचा तर जवळजवळ निम्मं पाणी वळसा घालून आलेलं मिसळावं लागेल. फ्लोराइड पुन्हा २ च्या वर, आणि मार्गदर्शक मूल्य आहे १.५. मीटरवर १५० वाचून घरातले खूश! आर्सेनिक आणि नायट्रेटचा हिशोब असाच लागतो. चवीसाठी क्षार हवेच असतील तर मेम्ब्रेननंतर कॅल्साइटचं (चुनखडीचं) खनिज काट्रिज लावा आणि अ‍ॅडजस्टर पूर्ण बंद ठेवा.

आणि मूळ पाणीच १५० चं असेल, तपासणीत फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट वगैरे काही निघालं नसेल, तर अ‍ॅडजस्टरची चर्चा कशाला? त्या घराला आरओच नको, यूव्ही किंवा यूएफ पुरे. हे ना मेसेज सांगतो, ना विक्रेता.

‘वाया जाणारं पाणी वाचवायला नळी आवळा’

तळमळ रास्त आहे. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर पाणी सोडून देतं. पण अडवलेले क्षार मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावरून वाहून नेणारं पाणी तेच असतं. ५०० टीडीएसचं पाणी आत घेऊन त्यातलं २५ टक्के शुद्ध काढलं तर उरलेलं साधारण ६७० चं होतं. नळी आवळून ७५ टक्के काढायला गेलात तर तेच २००० च्या घरात जातं. इतक्या दाट पाण्यात चुन्याचा थर मेम्ब्रेनवर बसू लागतो, शुद्ध पाणी घटतं, आकडाही चढतो. त्या नळीतला फ्लो रिस्ट्रिक्टर (धार मर्यादित ठेवणारा भाग) मेम्ब्रेनच्या क्षमतेप्रमाणे निवडलेला असतो, तो मिनिटाला किती मिली सोडतो ते त्याच्यावर छापलेलं असतं. मापाचं भांडं धरून एक मिनिट मोजा. फारच जास्त येत असेल तर रिस्ट्रिक्टर बदला, क्लिप नको.

खरी नासाडी बहुतेक वेळा दुसरीकडे होते: टाकी भरल्यावरही पाणी चालूच राहतं. पंपाच्या मशीनमध्ये प्लग काढून बघा. तरीही वेस्टच्या नळीतून थेंब पडत असतील तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी पाण्याची झडप) बंद होत नाहीये. दाबाची टाकी असलेल्या मशीनमध्ये टाकीचा कॉक आणि पाण्याचा नळ दोन्ही बंद करून काही मिनिटं थांबा. वाहणं थांबलं नाही तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) किंवा शट-ऑफ व्हॉल्व्ह (टाकी भरल्यावर पाणी बंद करणारी झडप) गेलाय. सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशीला, शौचालयाला वापरावं. प्यायला नाही, कारण मूळ पाण्यात जे नको होतं ते त्यात जास्तच असतं.

‘दोन नळ्या जोडल्या की झालं’

हाताला सवय असलेला माणूस स्वतः मशीन बसवू शकतो, यात वाद नाही. फक्त नळ्या दोनच नसतात. मशीन फक्त थंड पाण्याच्या लाइनवर घ्यायचं, ४५ अंशांच्या वरचं पाणी मेम्ब्रेनला चालत नाही. नळी धारदार पात्याने काटकोनात कापायची आणि फिटिंगमध्ये पहिल्या अडथळ्यापुढे पूर्ण आत दाबायची. तिरकी कापलेली किंवा टोकाला चरे पडलेली नळी त्या दिवशी गळत नाही, रात्री दाब वाढल्यावर गळते. नव्या कार्बनमधून निघणारं काळं पाणी आधी बादलीत सोडा, ते मेम्ब्रेनवर जाऊ देऊ नका. मेम्ब्रेनच्या ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कडीला) पेट्रोलियम जेली लावू नका, काही प्रकारचं रबर तिने फुगतं. खाद्यदर्जाचं सिलिकॉन ग्रीस किंवा नुसतं पाणी चालतं. मेम्ब्रेन बसल्यावर पहिलं टाकीभर पाणी सोडून द्यायचं, तिच्यात साठवणुकीचं रसायन असतं.

‘टाकीतलं पाणी कितीही दिवस टिकतं’

कार्बनने क्लोरीन काढून टाकलेलं असतं, त्यामुळे टाकीतल्या पाण्याला जंतूंपासून कसलंच संरक्षण उरत नाही. टाकीच्या आत बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचाच थर. वर्षातून एकदा, फिल्टर बदलायच्या दिवशी, काट्रिज आणि मेम्ब्रेन बाहेर काढून ठेवा. बिनवासाचं घरगुती ब्लीच उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून हाउसिंग, नळ्या आणि टाकी भरा, अर्धा तास ठेवा. मग ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा आणि त्यानंतरच मेम्ब्रेन परत बसवा, कारण क्लोरीनचं आणि तिचं जमत नाही हे वर आलंच आहे. आठवडाभर घर बंद असेल तर परत आल्यावर टाकीतलं पाणी सोडून द्या. मीटर त्याचाही आकडा छान दाखवेल, तरी सोडून द्या.